४१०२०६ : पत्त्यातल्या आकड्याचा पत्ता

पनवेलचा पिनकोड आपण डोळे झाकून टाइप करतो. पण हा आकडा कधी नीट बघितलाय? एक कागद, एक पेन आणि फोनमधला कॅल्क्युलेटर घ्या. दहावीच्या पलीकडचं गणित लागणार नाही, प्रॉमिस!

ऑनलाइन काहीही मागवा, पत्त्याचा फॉर्म भरताना बोटं आपोआप चालतात. चार, एक, शून्य, दोन, शून्य, सहा. पार्सल येतं, आपण पाकीट फाडतो आणि तो आकडा पाकिटासकट कचऱ्यात जातो.

आता एक प्रश्न. ४१०२०६ हा आकडा इंटरेस्टिंग आहे का?

‘पिनकोडमध्ये काय इंटरेस्टिंग असणार!’ असं म्हणाला असाल, तर तुम्ही मोठ्या माणसाच्या पंगतीत आहात. आजारी रामानुजनला भेटायला लंडनजवळच्या पटनीला गेलेला प्रा. हार्डी असंच काहीसं म्हणाला होता. टॅक्सीचा नंबर १७२९ होता, अगदीच नीरस वाटला, असं त्याने सांगितलं. अंथरुणावरचा रामानुजन ताबडतोब म्हणाला, छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सगळ्यात लहान संख्या आहे. खरंच, १ आणि १२ चे घन मिळवा किंवा ९ आणि १० चे, उत्तर १७२९ च येतं. किस्सा तुम्हाला माहीत असेलच. त्यातली खरी गोष्ट इतकीच की आकडा तोच होता, फक्त बघणारा बदलला.

मग आपण आपल्या आकड्याकडे बघूया की!

आधी ओळख

हा आकडा आपल्याला चिकटवला एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते. देशात एकाच नावाची गावं ढिगाने, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेले. टपाल वाटणाऱ्यांचे हाल व्हायचे. त्यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग. पहिले तीन अंक, ४१०, टपालाची छाननी कुठल्या जिल्ह्यात होणार ते सांगतात आणि शेवटचे तीन, २०६, पोस्ट ऑफिस सांगतात. म्हणून आपले शेजारीही जवळजवळचेच : खारघर ४१०२१०, कामोठे ४१०२०९, कळंबोली ४१०२१८, कर्जत ४१०२०१.

वेलणकर संस्कृत कवीही होते. सरळ वाचलं तर रामाची स्तुती आणि उलट वाचलं तर कृष्णाची, असं विलोमकाव्य त्यांनी लिहिलंय. ही उलट-सुलटची गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

८७ वेळा नकार

आकड्याला विचारायचा पहिला प्रश्न : तू कशाकशाचा बनला आहेस? म्हणजे अवयव पाडायचे. ४१०२०६ सम आहे, त्यामुळे २ ने भाग जातो. उरतात २०५१०३. आता याचं काय?

शेवटी ३ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ११ होते, म्हणजे ३ बाद. ७ ने भागलं तर बाकी ३. अकराने जात नाही, तेराने नाही, सतराने नाही. अशी किती वेळ भागत बसायची? इथे शाळेतलं वर्गमूळ कामाला येतं. २०५१०३ चं वर्गमूळ ४५२ आणि ४५३ च्या मध्ये आहे. संख्येचे दोन अवयव पडणार असतील, तर त्यातला एक तरी ४५२ च्या आत असलाच पाहिजे. दोन्ही त्याहून मोठे असतील तर गुणाकारच हाताबाहेर जाईल. म्हणून ४५२ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कुणी भागत नाही, त्या मूळ संख्या. ४५२ च्या आत त्या ८७ आहेत.

पनवेलहून सीएसएमटीला जाईपर्यंत एवढे भागाकार आरामात होतात. करून बघा. २९३ शी आल्यावर वाटतं, गेलाच! २९३ गुणिले ७०० म्हणजे २०५१००, बाकी फक्त ३. ३१७ ला बाकी ४. १२७ ला तर फक्त २ कमी पडतात. शेवटचा ४४९, तोही नाही.

८७ जणांनी नकार दिला. म्हणजे २०५१०३ ही मूळ संख्या आहे! पनवेलचा पिनकोड म्हणजे दोन गुणिले एक भलीमोठी मूळ संख्या. त्याला भागणाऱ्या संख्या चारच : १, २, २०५१०३ आणि तो स्वतः.

आता शेजारी बघा. खारघरचा ४१०२१० आपल्यापेक्षा अवघ्या चारने मोठा. त्याचा निम्मा २०५१०५, म्हणजे आपल्या निम्म्याहून दोनने पुढे. आणि तो असा सुटतो : ५ × १७ × १९ × १२७. एक दगडासारखा घट्ट, त्याच्या दोन पावलं पुढचा भुसभुशीत. मूळ संख्यांचं हेच वैशिष्ट्य आहे. शेजाऱ्यावरून अंदाज लावता येत नाही, प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं.

ह्याचा उपयोग काय?

हा प्रश्न येणारच होता. घरी आईनेही विचारला असता. म्हणून एक प्रयोग करा. ४४३ आणि ४४९ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार करा. कॅल्क्युलेटरवर एका सेकंदात १९८९०७ येतं. आता मित्राला नुसता १९८९०७ द्या आणि म्हणा, अवयव पाड. लहानापासून सुरुवात केली, तर त्या बिचाऱ्याला पंच्याऐंशी वेळा नकार पचवून मग ४४३ सापडेल.

जाताना सोपं आणि परतताना महाकठीण. याच एका गोष्टीवर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी कुलूप बनवलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. दोन प्रचंड मूळ संख्या गुणायच्या, गुणाकार जगजाहीर करायचा आणि अवयव स्वतःपाशी ठेवायचे. इंटरनेटवरच्या कितीतरी डिजिटल सह्या आणि प्रमाणपत्रं याच कुलपाच्या भरवशावर चालतात. नेहमीच्या वापरातल्या अशा एका कुलपाचा आकडा ६१७ अंकी असतो. आव्हान म्हणून जाहीर केलेला २५० अंकी आकडा २०२० मध्ये फोडला गेला. त्याला लागलेला वेळ संगणकाच्या एका कोअरच्या हिशेबात सुमारे २७०० वर्षं भरतो. अनेक संगणक एकत्र जुंपले म्हणून ते जमलं.

यात भारताचाही एक मोठा धडा आहे. संख्या मूळ आहे की नाही, एवढंच झटपट आणि खात्रीने सांगणारी सर्वसाधारण रीत २००२ मध्ये सापडली ती आयआयटी कानपूरला. मणींद्र अगरवाल आणि नीरज कयाल, नितीन सक्सेना या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी ती शोधली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. म्हणजे वयाने तुमच्या ताई-दादाएवढे. त्यांची रीत ‘मूळ आहे की नाही’ एवढंच सांगते हं, अवयव पाडून देत नाही. ते झटपट कसं करायचं, हे आपल्या नेहमीच्या संगणकांना आजही जमलेलं नाही. कुलूप टिकून आहे ते त्यामुळेच.

देवळालीचे मास्तर

आता दुसऱ्या प्रकारचे प्रश्न. आणि ते विचारायला शिकवणारा माणूस आपल्याच भागातला.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. उरलेला सगळा वेळ आकड्यांशी खेळण्यात. दारुड्याला जशी दारू, तसे मला आकडे, असं ते स्वतःच म्हणायचे.

लोकलने फिरणाऱ्यांना त्यांची एक गोष्ट आवडेल. जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, आजच्या डोंबिवलीच्या ठिकाणी. तिथे त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना थेट ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. त्यातली सगळ्यात देखणी बघायची, तर नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि वर्ग करा. १२३४५६७८९८७६५४३२१! पायऱ्या चढून वर आणि तशाच खाली. आपण फलाटावर उभे राहून रील्स बघतो, हा माणूस फलाटाच्या नावाने संख्या मांडत होता.

कापरेकरांचा एक प्रश्न असा : आकड्यातले अंक मिळव आणि त्या बेरजेने त्याच आकड्याला भाग. भाग गेला तर ती ‘हर्षद’ संख्या, म्हणजे आनंद देणारी. १७२९ घ्या. १+७+२+९ = १९, आणि १७२९ = १९ × ९१. पूर्ण भाग गेला, शिवाय १९ चा उलटा ९१! हार्डीसाहेबांचा नीरस नंबर हर्षदही निघाला.

पनवेल? ४+१+०+२+०+६ = १३. तेराने भागलं तर बाकी ४. नाही, आपण हर्षद नाही. दादर पूर्वचा ४०००१४ आहे, बेरीज ९ आणि भाग पूर्ण. आणि पुण्याच्या सदाशिव पेठेचा ४११०३० सुद्धा आहे. सदाशिव पेठ आनंद देणारी आणि पनवेल नाही! गणिताला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

कुणाचं मूल कोण?

दुसरा प्रश्न याहून भारी. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. येणारी संख्या तिचं मूल समजा. मूल तर सगळ्यांनाच होतं. पण प्रत्येक संख्येला जनक असतो का? कापरेकरांनी दाखवलं की नाही. काही संख्या कुणाच्याही पोटी येत नाहीत. त्यांना त्यांनी नाव दिलं ‘स्वयंभू’. अष्टविनायकांच्या महाराष्ट्रात याहून चपखल शब्द कुठला मिळणार!

आपला आकडा स्वयंभू आहे का? ४१०१८६ घ्या. अंकांची बेरीज २०. मिळवा : ४१०२०६. म्हणजे पनवेलला जनक आहे आणि तो एकच आहे. पण खरी मजा शेजारी आहे. खारघर ४१०२१०, अंकांची बेरीज ८, मिळवली तर ४१०२१८. कळंबोली! कर्जत ४१०२०१, बेरीज ८, मिळवली तर ४१०२०९. कामोठे! टपाल खात्याने हे काही ठरवून केलेलं नाही, निव्वळ योगायोग. पण तो दिसला कुणाला? ज्याने बेरीज करून बघितली त्याला.

आणि स्वयंभू हवाच असेल तर लांब जायला नको. पनवेलपासून आठ पावलांवरचा ४१०२१४ तसा आहे. त्याला जनक सापडतो का बघा. नाहीच सापडणार, आणि ‘का नाही’ ते शोधण्यातच सगळा खेळ आहे.

शेवटचं स्टेशन

कापरेकर जगाला माहीत आहेत ते ६१७४ मुळे. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. (वेलणकरांची उलट-सुलट आठवली?) जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोहोचता आणि तिथेच थांबता. पनवेल महानगरपालिका झाली ते साल घ्या, २०१६. ६२१० वजा ०१२६ म्हणजे ६०८४. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पठ्ठ्याने पुरत्या सात पायऱ्या घेतल्या!

आता पिनकोड. सहा अंकांना हाच नियम. ६४२१०० वजा ००१२४६ म्हणजे ६४०८५४. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. अजून थांबत नाही. ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि मग पुन्हा ४२०८७६! फिरून तिथेच.

सहा अंकांच्या खेळात थांबण्याच्या जागा दोनच आहेत : ५४९९४५ आणि ६३१७६४. तिथे पोहोचला नाही तर सात स्टेशनांचा हा गोल. त्यात अडकलेली गाडी कायम फिरत राहते. हार्बरचं शेवटचं स्टेशन म्हणून ओळखलं जाणारं पनवेल, त्याच्या पिनकोडला मात्र शेवटचं स्टेशनच नाही!

हे असं का होतं, तेही अवघड नाही. सहा अंकी आकडे मोजकेच आहेत. नियम पक्का आहे. चालत राहिलात तर कधीतरी आधी भेटलेला आकडा पुन्हा भेटणारच, आणि तो भेटला की पुढचा रस्ताही तोच. शिवाय वाटेतल्या प्रत्येक आकड्याला नऊने भाग जातो, कारण वजाबाकीतल्या दोन्ही आकड्यांत अंक तेच असतात. तपासून बघा.

खेळ की गणित?

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी ६१७४ मांडला. त्यांचं काम बघून देशातले बरेच गणिती हसले. हा काय टाइमपास, असा सूर होता. त्यांचं बरंचसं लेखन छोट्या नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत आलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला देवळालीचे मास्तर कळले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

हसणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. २०५१०३ मूळ आहे हे कुठल्याही पद्धतीत लिहा, खरंच राहतं. हर्षद, स्वयंभू, ६१७४ ही सगळी गंमत मात्र आपण दहाच्या पद्धतीत अंक लिहितो म्हणून आहे. पद्धत बदला, यादी बदलते. संख्येचा स्वभाव वेगळा आणि तिच्या कपड्यांची नक्षी वेगळी. पण नक्षी का तशी येते, गोल का फिरतो, स्वयंभू का उरतात, याची उत्तरं द्यायला खरंखुरं गणितच लागतं. आणि ‘का’ विचारायला मास्तरांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती.

आपल्यातल्या कितीतरी जणांनी कुठल्यातरी परीक्षेनंतर ‘गणित आपल्यासाठी नाही’ असं ठरवून टाकलंय. गुणपत्रिकेतल्या त्या दोन अंकांनी आपल्याबद्दल सांगितलं आणि आपण ऐकलं. आता एकदा उलट करून बघा. आकड्याने तुम्हाला जोखायच्या आधी तुम्ही आकड्याला प्रश्न विचारा. आज आपण एका पिनकोडला चार प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचंही उत्तर मार्कांसाठी नव्हतं, आणि तरीही इथपर्यंत वाचत आलात ना?

तुमच्या पिनकोडला विचारा

- तुझे अवयव कोणते? (वर्गमूळापर्यंतच भागा, पुढे नको.)
- तू हर्षद आहेस का?
- तुझा जनक कोण? की स्वयंभू आहेस?
- उलट-सुलट वजाबाकी करत गेलो तर तू ५४९९४५ ला थांबतोस, ६३१७६४ ला थांबतोस, की पनवेलसारखा गोल फिरतोस?

पिनकोड झाला की मोबाइल नंबर आहेच. दहा अंकी. त्याचे अवयव पाडायला मात्र सीएसएमटीला जाऊन परत यावं लागेल, तेही बऱ्याच वेळा!